डावी मूठ

पाळणाघराच्या काउंटरमागच्या मुलीनं प्रणिताच्या गळ्यातल्या दोऱ्याखाली एक बोट घातलं, दोरा हलकेच ओढून पाहिला आणि मान हलवली. हे काढावं लागेल, ती म्हणाली. गळ्यात काही अडकवलेलं मूल आत घेत नाहीत. घसरगुंडीला किंवा जाळीला अडकलं तर फास बसतो. मुलगी मंगळुराकडची होती, तिला हिंदी येत होती, आणि रोज पन्नास आयांना सांगावं तसं ती हे हसतमुखानं सांगत होती.

दोऱ्याला सुपारीएवढी चांदीची डबी होती आणि डबीत इष्टलिंग होतं. प्रणिता पाच दिवसांची असताना जंगमस्वामींनी ते तिच्या गळ्यात बांधलं, आणि आता ती पाच वर्षांची झाली तरी ते तिच्या अंगावेगळं झालं नव्हतं. परळीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लिंगायताच्या पोराच्या गळ्यातल्या डबीला हात लावायचा नसतो हे तिथं शाळेतल्या बाईंनाही ठाऊक असतं. पण हे परळी नव्हतं. हे सिंगापूरहून कालच सुटलेलं दहा मजल्यांचं जहाज होतं, चहूकडे पाणी होतं, आणि संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

प्रणिताच्या आईनं, रुद्राणीनं, नवऱ्याकडे पाहिलं. विश्वेश्वर स्टेशन रोडच्या टेलरनं शिवलेल्या नव्या कोटात अवघडून उभा होता. कोटाच्या छातीवर सिमेंट कंपनीचा बिल्ला होता. सात वाजता वरच्या मजल्यावर कंपनीचं मोठं जेवण होतं, तिथं मुलं न्यायची नव्हती. लहान मुलांना संध्याकाळी इथं सोडायचं, कमरेला लावायला एक पेजर घ्यायचा, मूल रडलं तर पेजर थरथरतो, असा सगळा बंदोबस्त होता. जहाजावरच्या निम्म्या आया पोरं सोडून केव्हाच वर गेल्या होत्या.

‘दोन तासाचा तर प्रश्न हाय,’ तो म्हणाला. ‘काढ. तुझ्यापाशी ठेव.’

तिनं काढलं. काही वाटलं नाही. आठ महिन्यांपासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. तव्यावर बोट भाजलं तरी वास आल्यावर कळायचं. तिनं गाठ सोडली, दोरा डबीभोवती गुंडाळला आणि ती आपल्या डाव्या मुठीत घेतली. लिंग कुठं टेकवायचं नसतं, पिशवीत कोंबायचं नसतं. दोरा बदलायचा झाला तरी तेवढा वेळ ते डाव्या तळहातावर धरायचं. सासूनं, दानम्मानं, घरातल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना हे पढवलेलं होतं.

प्रणितालाही ते पाठ होतं. गळ्यातला दोरा सुटला तसा तिनं सवयीनं डावा हात पुढे केला आणि तळहात उघडून उभी राहिली. रुद्राणीनं तो हात पाहिला, पण आत काही न्यायचं नाही म्हटल्यावर त्या हातावर ठेवणार काय? ती कागदावर सही करू लागली. मंगळुरी मुलीला वाटलं पोर खाऊ मागतेय. तिनं काउंटरवरच्या बरणीतली एक पांढरी पेपरमिंटची गोळी काढून त्या उघड्या तळहातावर ठेवली. प्रणितानं गोळीकडे पाहिलं, मूठ मिटली आणि ती आत गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

रुद्राणीनं मात्र जाळीच्या छोट्या दारातून जरा वेळ आत पाहिलं. प्रणिताची वेणी सैल होऊन मानेवर विसकटली होती. ही वेणी दानम्मानं परळीच्या स्टेशनवर, गाडी यायच्या आधी बाकावर बसून घातली होती. त्याला आज चौथा दिवस. मधल्या तीन दिवसांत पोरीचे केस विंचरायचे असतात हे रुद्राणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता डोक्यात आलं, पण दार लागलं होतं.

ही सहल मिळाली कशी, ते सांगायला हवं. विश्वेश्वरचं स्टेशन रोडला सिमेंटचं दुकान होतं. नव्वदनंतर जो तो घर बांधायला निघाला, कंपन्यांची संख्या वाढली, आणि त्या एकमेकींच्या वरचढ होऊन दुकानदारांना आमिषं दाखवू लागल्या. आधी घड्याळं वाटली, मग फ्रीज, आणि नव्व्याण्णव साली थेट परदेशवारी. मोठा खप असलेल्यांना सहकुटुंब जहाजावर नेणार, आणि ज्याचा खप आपल्या भागात सगळ्यांत जास्त, त्याचा मंचावर सत्कार करणार. विश्वेश्वर तसा काही हाडाचा विक्रेता नव्हता. पण भाद्रपदात धाकटा मुलगा योगीराज गेला आणि तेव्हापासून तो पहाटेच दुकान उघडायचा, अंधार पडला तरी बंद करायचा नाही. गिऱ्हाईक नसलं तर स्कूटर काढून गावोगाव मिस्त्र्यांना भेटायला जायचा. घरी येऊन बसायचं कुठं आणि कुणासमोर? त्या वर्षी खप वाढला तो असा.

योगीराज सात महिन्यांचा होता. ताप आला, तापात आकडी आली, आणि अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच सगळं संपलं. त्यात कुणाची चूक नव्हती. चूक कुणाची असती तर निदान शिव्याशाप देता आले असते.

त्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर, जमलेल्या बायकांमध्ये, त्याला रुद्राणीच्या मांडीवर बसवलं होतं. लिंगायतांत माती देताना लिंग डाव्या हातात देतात. स्वामींनी त्याच्या गळ्यातला दोरा सोडला, डबीतून वाटाण्याएवढं काळं लिंग काढलं आणि तिला म्हणाले, आईनंच ठेवावं. तिनं ते इवल्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. ते घरंगळून तिच्या पदरात पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. शेवटी स्वामींनी दोऱ्याचे तीन वेढे देऊन ती मूठ बांधली. मग त्याला नेलं. रुद्राणी रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल उद्या. उद्या गेला, महिना गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. बायकांनी वाट पाहायचं सोडून दिलं.

त्यानंतर ती कामं करत राहिली. दळण निवडायची, थर्मलच्या वीजकेंद्राची राख बसलेले कपडे झटकून घड्या घालायची, भाकरी थापायची. कुणी विचारलं, बरं वाटतं का, की ‘हो’. काही दुखतं का, की ‘न्हाई’. प्रणिताला न्हाऊमाखू घालणं, वेणी, डबा, शाळा, सगळं दानम्माकडे कधी गेलं ते कुणालाच कळलं नाही. पोरगी आईच्या आसपास घोटाळायची, मग कंटाळून आजीकडे जायची. रुद्राणीच्या मनात खोलवर एकच गोष्ट होती आणि ती तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती: ही पोरगी उद्या डोळ्यांसमोर नसली तरी आपल्याला काही वाटणार नाही. याची भीती वाटायला हवी, हे तिला समजत होतं. तीसुद्धा वाटत नव्हती.

सहलीचं पत्र आलं तेव्हा ती नको म्हणाली. दानम्मानं ऐकलं नाही.

‘पोरीला संगं घेऊन जावा,’ ती लेकाला म्हणाली. ‘मी हाय तवर ही तिच्याकडं बघणार न्हाई. मी नसले की बघावंच लागंल.’

म्हातारी पंच्याहत्तर पावसाळे पाहिलेली होती. पण जहाजावर मुलं सांभाळायला पगारी माणसं ठेवलेली असतात, हे तिच्या हिशेबात कुठून असणार?

जेवणाच्या दालनात गोल टेबलं होती आणि प्रत्येक ताटलीत रुमालाचं एकेक बदक बसवलेलं होतं. विश्वेश्वरच्या टेबलावर घाटनांदूरचा राधाकिशन आणि त्याची बायको सत्यभामा होती. राधाकिशन पन्नाशीचा, गोल पोटाचा, लोखंड-सिमेंटचा व्यापारी. पासपोर्ट विसरला तरी चालेल पण खायचं विसरणार नाही, अशातला. त्यानं टेबलाखालून स्टीलचा डबा काढला आणि घरची शेंगदाण्याची चटणी आणि धपाट्याचे तुकडे हळूच सगळ्यांच्या ताटल्यांत सरकवले. वाढप्यानं झाकण उघडून दाखवलेल्या पदार्थात मासा नाही कशावरून, असा त्याचा सवाल होता. कंपनीचं जेवण जेवलं की भूक लागते, असं तो म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर पोट हलवत हसला.

विश्वेश्वरही हसला. मग त्यानं प्रणिताचा किस्सा सांगितला. काल जहाजावर चढताना तिनं वर धुराडं पाहिलं आणि विचारलं, पप्पा, हितंबी थर्मल हाय? राधाकिशनला ते इतकं आवडलं, की त्यानं शेजारच्या टेबलावरच्या लातूरच्या व्यापाऱ्याला ओढून आणून पुन्हा सांगायला लावलं.

रुद्राणी उजव्या हातानं धपाट्याचा तुकडा मोडत होती. डावी मूठ मांडीवर, पदराखाली होती. सत्यभामेची नजर बारीक होती.

‘मुठीत काय हाय गं? कावून आवळून धरलंय?’

‘पोरीचं लिंग.’

सत्यभामा लिंगायत नव्हती, पण घाटनांदुरात तिच्या शेजारीपाजारी लिंगायतच होते. जरा वेळानं रुद्राणीच्या ताटलीतला पाव तिनं स्वतःच तुकडे करून, लोणी लावून ठेवला, एका हाताला सोपं जावं म्हणून.

मग मंचावर दिवे लागले आणि नावं पुकारली जाऊ लागली. विदर्भ झाला, खानदेश झाला. मराठवाड्याचं नाव घेतलं तेव्हा राधाकिशननं बोटं तोंडात घालून शिटी मारली. विश्वेश्वर उठला, बायकोकडे वळला. दोघांनी यायचं होतं.

ती गेली. मंचावर कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विश्वेश्वरच्या हातात काचेची ढाल दिली आणि तिच्यासमोर पैठणीचं तबक धरलं. दोन्ही हातांनी धरलं होतं, तेव्हा तिनंही दोन्ही हातांनी घ्यावं ही रीत. तिनं उजवा हात पुढे केला. तबक एका बाजूला कललं. फोटोवाला खालून काहीतरी ओरडला.

‘दोन्ही हातानं घे,’ विश्वेश्वर ओठ न हलवता म्हणाला.

तिनं घेतलं नाही. साहेबांनी हसून तबक तिच्या कोपराशी टेकवलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. खाली कुणीतरी म्हणालं असेल, बाईला फार मान चढलाय. असं काही म्हटलेलं तिला कळलं असतं तरी तिनं मूठ उघडली नसती. हट्ट म्हणून नाही. ती मूठ आपल्याला उघडता येते हेच तिच्या ध्यानातून गेलं होतं. काही वेळापूर्वी मनगटापर्यंत मुंग्या आल्या होत्या, आता त्याही नव्हत्या.

टेबलाशी परत आल्यावर विश्वेश्वर तिच्याशी बोलला नाही. त्यालाही राग आला होता असं नव्हे. वर्षभर मर मर मेला होता, एक फोटो नीट यावा एवढंच त्याला हवं होतं. तो फोटो परळीच्या दुकानात देवाशेजारी लागणार होता. लोक येऊन बघणार होते. त्यात बायको एक हात लपवून उभी, हे किती वर्षं लोकांना समजावत बसायचं?

गोड वाढायला आलं तेव्हा सत्यभामेनं तिच्या दंडाला हात लावला.

‘अगं, तुझ्या कमरेला लाल दिवा लुकलुकायलाय.’

पेजर होता. थरथरतही होता. सत्यभामेनं हात लावला तेव्हा तिच्याही बोटांना थरथर लागली. कधीपासून, कोण जाणे. रुद्राणीला कळलंच नव्हतं.

ती उठली. विश्वेश्वरला दुसऱ्या फोटोसाठी मंचाकडे बोलावत होते, त्यानं खुणेनं सांगितलं, तू हो पुढे, मी आलोच. ती गालिचे टाकलेल्या जिन्यानं दोन मजले उतरली. जहाज किंचित डुलत होतं. तिनं कठड्याला धरलं नाही, कारण कठडा डाव्या बाजूला होता.

काउंटरवरची मंगळुरी मुलगी दारातच उभी होती. आता ती हसत नव्हती. पोरगी आल्यापासून एका कोपऱ्यात उभी आहे, तिनं सांगितलं. खेळली नाही, चित्र काढलं नाही, दूध घेतलं नाही. सगळ्या मुलांचे हात धुवायला नेले तर ही डावी मूठ उघडेना. मुठीत पिन वगैरे आहे की काय म्हणून इथल्या दोघींनी मिळून उघडायला पाहिली, तर तिनं चावा घेतला. इतका वेळ रडलीही नव्हती. आता दहा मिनिटांपासून रडतेय, पण आवाज काढत नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. मुलगी चिंतेत होती आणि तिच्या मनगटावर पाच वर्षांच्या पोरीचे दात स्पष्ट उमटले होते.

आत यायला चपला काढाव्या लागत होत्या. रुद्राणी अनवाणी त्या रंगीत चटयांवरून चालत गेली. टीव्हीवर कसलंतरी कार्टून चाललं होतं आणि चार-सहा मुलं पालथी पडून ते बघत होती. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, प्रणिता उभी होती. डावी मूठ छातीशी, बरोबर डबी लटकायची तिथं धरलेली.

रुद्राणी तिच्याजवळ खाली बसली. पोरीनं वळून पाहिलं. डोळे सुजले होते.

‘मम्मी, संपायलंय.’

‘काय संपायलंय?’

प्रणितानं मूठ उघडली नाही, तिच्यासमोर धरली फक्त. बोटांच्या फटींतून पांढरा चिकट पाक मनगटापर्यंत ओघळून वाळला होता. पेपरमिंटची गोळी. दीड-दोन तास गरम मुठीत ती विरघळत होती आणि पोरगी ती घट्ट धरून उभी होती.

‘खाल्ली न्हाईस व्हय?’

प्रणितानं मान हलवली. मग तिनं जे सांगितलं ते अडखळत, हुंदके गिळत, आणि आजीनं पढवलेलं म्हणून दाखवावं तसं सांगितलं. गळ्यातलं काढलं की हात रिकामा ठिवायचा न्हाई. डाव्या हातात धरायचं. ते तर तू नेलंस. मग हेच धरलं.

‘धरलं ते बरं केलंस,’ रुद्राणी म्हणाली, काहीतरी म्हणायचं म्हणून. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

‘योगीनं धरलं न्हाई,’ प्रणिता म्हणाली.

रुद्राणीनं तिच्याकडे पाहिलं.

‘त्याचं पण काढलं हुतं गळ्यातलं. तू त्याच्या हातात दिलं हुतंस. त्यानं दोनदा पाडलं. मी बघितलं, आजीच्या मागून. मग त्याला नेलं.’ तिनं मूठ पुन्हा छातीशी ओढली. ‘मी एकदाबी पाडलं न्हाई. पण हे आपोआपच संपायलंय, मम्मी.’

आठ महिने हे पोरीच्या मनात होतं. आठ महिने ती रोज आंघोळीच्या वेळी, दोरा ओला होईल म्हणून डबी डाव्या मुठीत धरून बसायची आणि दानम्मा कौतुकानं म्हणायची, बघा, एवढीशी पोर पण केवढी शिस्तीची. पोर शिस्तीनं नव्हती बसत. आज तिच्या गळ्यातलं काढलं, तिनं हात पुढे केला, त्या हातावर आईनं काहीच ठेवलं नाही, पाठ फिरवली आणि सही केली. एवढा वेळ ती या कोपऱ्यात उभी राहून, योगीसारखं आपल्यालाही न्यायला कोण येतंय याची वाट बघत होती, ते रुद्राणीला आता कळलं. लिंग खाली टेकू नये एवढं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. लिंग ज्याच्या अंगाचं, ते पोर त्याच्यावाचून उभं राहिलं होतं, ते काही पाहिलं नव्हतं.

‘इकडं ये,’ ती म्हणाली.

तिनं आपला डावा हात पदराखालून बाहेर काढला आणि मूठ उघडायला गेली, तर ती उघडेना. बोटं ताठ झाली होती. तिनं उजव्या हातानं आधी करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. प्रणिता रडायचं थांबून बघत होती. डबी घामानं ओली आणि अंगाइतकी गरम झाली होती. दोरा तळहाताच्या मांसात रुतून बसला होता, तो सोडवायला वेळ लागला.

‘मान वर कर.’

पोरीनं मान वर केली आणि उजव्या हातानं वेणी बाजूला धरली. वेणी कसली, चार दिवसांचा गुंता होता. रुद्राणीनं दोरा तिच्या मानेमागे नेला आणि गाठ मारली. एक मारली, ओढून पाहिली, मग दुसरी मारली. तिसरीही मारली. मंगळुरी मुलगी दोन पावलांवर उभी होती, दोऱ्याकडे बघत होती. नियम तिला पाठ होता, पण तिनं दोऱ्याला हात लावला नाही.

डबी छातीवर टेकली तेव्हाच प्रणितानं डावी मूठ उघडली. आत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी कपची उरली होती, तळहाताला चिकटलेली.

‘आता खा,’ रुद्राणी म्हणाली.

प्रणितानं तळहात तोंडाशी नेला आणि चाटून घेतला. मग, आईचा हात पुढ्यात तसाच उघडा राहिला होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवला. तळहाताच्या मधोमध डबीचा गोल वण उठला होता, लालबुंद, आणि त्याच्या भोवती दोऱ्याचे वेढे. एका ठिकाणी कातडं फाटून रक्त आलेलं होतं.

‘दुखतंय?’

रुद्राणी वणाकडे बघत राहिली. तिच्या तोंडाशी आठ महिन्यांच्या सवयीचं ‘न्हाई’ आलं होतं. योगीराजच्या मनगटाला स्वामींनी दिलेले वेढेही असेच होते, तीन, एकमेकांवर चढलेले. तिच्या बोटांत रक्त परत यायला लागलं होतं आणि सुया टोचल्यासारखं होत होतं, मनगटात, कोपरात, मग वर खांद्यापर्यंत.

‘हो,’ ती म्हणाली. ‘लई दुखतंय.’

जाळीच्या दाराशी विश्वेश्वर येऊन उभा होता. एका बगलेत काचेची ढाल, दुसऱ्या हातात पैठणीचं तबक. तो तिला पुन्हा फोटोसाठी बोलवायला आला होता. साहेब थांबले होते, दोन्ही हातांनी घेतानाचा एक तरी काढू म्हणत होते. बायकोचं शेवटचं वाक्य त्याच्या कानावर पडलं. प्रणिता आईच्या तळहातावर फुंकर घालत होती आणि रुद्राणी पुन्हा म्हणाली, दुखतंय, या खेपेला कुणी विचारलंही नव्हतं. तिचे खांदे हलत होते.

त्यानं ढाल आणि तबक चपलांच्या फडताळात, लहान मुलांच्या सँडलांशेजारी ठेवलं, बूट काढले आणि आत येऊन चटईवर बसला.